शब्दकोड्याचा एक कोपरा अडलाय, आणि चूक माझी नाही

शेवटचं घर

मंडळी, रोजचं शब्दकोडं सोडवणारे कुणी आहेत का इथे? असाल तर ऐका. नसाल तरी ऐका, कारण आमच्या घरात आता कुणी ऐकून घेत नाही.

गेली अकरा वर्षं रोज सकाळी मी पेपरातलं शब्दकोडं सोडवते. बातम्या नंतर. पानाची चौपदरी घडी घालायची, म्हणजे कोडं तेवढं वर राहतं. हातात पेन घ्यायचं आणि कुणी बोलायचं नाही. पहिली फेरी सरळसोट: येतं ते लिहायचं, येत नाही तिथे रेंगाळायचं नाही. निम्मं कोडं त्यातच भरतं. खरी मजा त्यानंतर. एखादा शब्द मख्ख बसलेला असतो, किती हलवा, ढिम्म. मग त्याच्यातून जाणारा दुसराच शब्द सुटतो, एक अक्षर त्याच्या घरात पडतं आणि गडी एकदम बोलायला लागतो. त्या क्षणासाठी मी रोज उठते म्हटलं तरी चालेल.

तर कालचं कोडं. सगळं भरलं, फक्त उभा १४ राहिला. संकेत: 'तळे', तीन घरं. वरचं 'का' आडव्या 'नौका'मधून आलंय. खालचं 'र' 'तुषार'मधून. दोन्ही पक्के. मधल्या घरातून आडवा १७ सुरू होतो, 'खटाटोप, कष्ट', तीन घरं, तो 'आयास'. त्याचे 'या' आणि 'स' दुसऱ्या उभ्या शब्दांशी जुळतात, म्हणजे तोही पक्का. आता उभं वाचा: का, आ, र.

काआर?

शब्दाच्या पोटात सुटा 'आ' असलेला तळ्याचा प्रतिशब्द मराठीत असूच शकत नाही. कोडं रचणाऱ्याची ढोबळ चूक आहे. संपादकांना पत्र लिहायला घेतलंय. तरी दोन दिवस उशीखाली दगड असल्यासारखं झालंय, म्हणून विचारते. उत्तर कुणाला दिसलं तर थेट सांगू नका. चूक माझी असेल (नाहीये), तर नुसतं 'हूं' म्हणा.

खोडरबर

हूं.

उभा सात

हूं. (दहा सेकंदांत दिसलं, पण सांगणार नाही. वर बसून मजा बघतो.)

शेवटचं घर

दोघांचाही निषेध. एक तरी कारण द्या.

खोडरबर

कारण तुमच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. 'हातात पेन घ्यायचं.'

पेनानं लिहिलेला शब्द डोळ्यांना खरा वाटायला लागतो. पेन्सिलीनं लिहिलेल्याकडे आपण जरा संशयानं बघतो, आणि कोड्यात संशय हाच कामाचा माणूस. शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक १९२४ मध्ये न्यूयॉर्कला सायमन आणि शुस्टर या नव्या जोडीनं काढलं, तेव्हा प्रत्येक प्रतीला एक पेन्सिल बांधून दिली होती. पेन्सिल. शंभर वर्षांपूर्वी त्यांना कळलं होतं ते तुम्हाला कळत नाही.

निळी शाई

अहो, पण पेनानं सोडवण्यात एक रुबाब आहे की नाही? पेन्सिलवाले प्रत्येक घरात दोन-दोन अक्षरं कोपऱ्यात बारीक लिहून ठेवतात. ते कोडं सोडवणं नव्हे, ती यादी झाली. मी पेनानंच लिहिते. चुकलं तर त्यावरच गिरवते. 'प'चा 'ष' होतो, 'व'चा 'ब' होतो, 'र'चा 'स' होतो. 'ग'चं मात्र काही होत नाही, तेव्हा 'ग' लिहिताना मी दोनदा विचार करते.

पानपूरक

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). 'ग'चा मुद्दा नोंदवून ठेवलाय.

इतिहासाचा विषय निघालाच आहे तर थोडं माझंही. हे सगळं सुरू झालं २१ डिसेंबर १९१३ला. आर्थर विन नावाचा लिव्हरपूलचा माणूस न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरात नोकरीला होता. नाताळच्या पुरवणीत काहीतरी नवं हवं म्हणून त्यानं पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं एक कोडं रचलं, मधोमध पोकळ. वर 'फन' हा एक शब्द आधीच भरून दिलेला. त्याला त्यानं नाव दिलं होतं वर्ड-क्रॉस. पुढे काही आठवड्यांतच छपाईत शब्दांची अदलाबदल झाली, क्रॉस-वर्ड छापलं गेलं, आणि तेच टिकलं. म्हणजे या खेळाचं नावच मुळात छपाईची चूक आहे! शेवटचं घर ताई, संपादकांना पत्र लिहिताना हे ध्यानात असू द्या.

सगळ्यात गंमत न्यूयॉर्क टाइम्सची. १९२४ मध्ये या पेपरानं अग्रलेख लिहून शब्दकोड्यांना वेळेची पापी उधळपट्टी म्हटलं होतं. १९४२च्या फेब्रुवारीत त्यांनी स्वतःच कोडं सुरू केलं आणि आज त्या पेपराचं कोडं जगात सगळ्यात नावाजलेलं आहे. आधी नाकं मुरडायची आणि मग पंगतीत पहिल्यांदा बसायचं, ते हेच.

बाराखडी

धागा बघून राहवलं नाही. मी एका छोट्या गृहपत्रिकेसाठी दर महिन्याला मराठी शब्दकोडं रचते (बिनपगारी, फुल्ल शिव्या). रचणाऱ्यांच्या बाजूनं दोन शब्द, कारण 'ढोबळ चूक' वाचून जरा लागलं.

इंग्रजी कोडं रचणाऱ्याकडे २६ अक्षरं असतात. एका घरात २६पैकी एक काहीतरी येणार. आपल्याकडे घरात अख्खं अक्षर बसतं, मात्रेसकट. चौतीस-पस्तीस व्यंजनं धरा, प्रत्येकाची बाराखडी. चारशेच्या वर झाली. त्यात जोडाक्षरं, अनुस्वार. 'स्वातंत्र्य' तीन घरांत मावतं: स्वा, तं, त्र्य. आता 'त्र्य'मधून दुसरा शब्द काढून दाखवा मला.

म्हणून मराठी कोड्यात काळी घरं जास्त आणि शब्द दोन-तीन-चार घरांचे. इंग्रजीत, निदान अमेरिकी पद्धतीत, प्रत्येक घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत असावं लागतं, तीनपेक्षा लहान शब्द चालत नाही आणि चौकट अर्धी फिरवली तरी काळ्या घरांची नक्षी तशीच दिसली पाहिजे. हा नियम मराठीत लावायचा म्हटलं तर मी अजून पहिल्याच कोड्यावर बसले असते. आपल्याकडे बऱ्याच घरांना एकाच शब्दाचा आधार असतो. त्या घरात चूक झाली तर तुम्हाला कळायला मार्गच नाही. ही उणीव खरी आहे, मान्य.

तरी हट्टानं एकदा तीन बाय तीनचा चौकोन केला, एकही काळं घर नाही, आडवं वाचा की उभं वाचा, तेच तीन शब्द:

न य न
य म क
न क ल

नऊ घरांत एकाही अक्षराला मात्रा नाही, हे लगेच लक्षात येईल. मात्रा आली की दार बंद. हे जमायला मला एक अख्खी दुपार लागली आणि नंतर दोन दिवस मी घरभर हा कागद दाखवत हिंडत होते. चार बाय चारचा अजून जमलेला नाही.

आणखी एक अडचण सांगते, जी सोडवणाऱ्यांच्या कधी लक्षात येत नाही. 'ळ' आणि 'ण' यांनी मराठीत शब्द सुरू होत नाही. म्हणजे 'कमळ' लिहिलं की त्या 'ळ'मधून नवीन शब्द सुरू करता येत नाही. तिथे दुसरा शब्द संपवायचा, नाहीतर त्याच्या पोटात 'ळ' यायला हवा. क्रियापदांचं तर विचारूच नका, सगळी 'णे'वर संपणार. त्यामुळे माझ्या कोड्यांत उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात हटकून 'धरणे' आणि 'करणे' एकाच 'णे'वर येऊन टेकलेले असतात. एका वाचकानं ते ओळखलंय. तो आता कोडं तिथूनच सुरू करतो. लबाड.

असो. शेवटचं घर, तुमच्या कोड्यात रचणाऱ्याची चूक नाही. मी पण हूं.

उभा सात

दंडवत घ्या बाराखडीताई. नयन-यमक-नकल वहीत लिहून घेतलं.

आडवातिडवा

रचणाऱ्यांची बाजू कळली, आता आमचं रडगाणं ऐका.

'पृथ्वी', दोन घरं. हा काय संकेत झाला? धरा, मही, भूमी, उर्वी, इला, क्षिती. सहा तर मी श्वास न घेता सांगितले. आजूबाजूचं एकही अक्षर नसताना यातला कुठला लिहायचा? तीन घरांचा असता तर अवनी, वसुधा, धरणी, धरित्री, मेदिनी. मराठी कोड्यात पृथ्वी दिसली की मी आधी ते घर सोडून पुढे जातो.

दुसरं म्हणजे फक्त कोड्यातच जगणारे शब्द. खऱ्या आयुष्यात कुणी कुणाला 'तो बघ खग' म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. पण कोड्यात पक्षी म्हणजे खगच. पर्वत म्हणजे नग, साप म्हणजे उरग, घोडा म्हणजे हय नाहीतर वारू. हे प्राणी चौकटीबाहेर पडले तर एका दिवसात मरतील.

तिसरं, ह्रस्व-दीर्घ. आडव्या शब्दात 'कवि' आणि उभ्यात त्याच घरात 'वी'. रचणारा म्हणतो संस्कृतात ह्रस्व चालतं. चालतं तर संकेतात तसं लिही ना बाबा.

चौथं, उत्तरं. आमच्या पेपरात एकदा उत्तर म्हणून दुसऱ्याच कोड्याची चौकट छापली. खुलासा वगैरे काही नाही. मी आठवडाभर ती उत्तरं माझ्या कोड्यात बसवायचा प्रयत्न करत होतो, आणि खरं सांगू, त्यातले चार बसले.

सहज आले

आडवातिडवा, खग-नग-उरगला नावं ठेवू नका हो. त्यांच्यामुळे मला एक खजिना सापडला. शेवटचा 'ग' म्हणजे जाणारा. ख म्हणजे आकाश, आकाशात जातो तो खग. उर म्हणजे छाती, छातीवर सरपटत जातो तो उरग. तुरग, भरभर जाणारा, म्हणजे घोडा. भुजग, वाकडातिकडा जाणारा, पुन्हा साप. आणि नग? न ग. जो जातच नाही तो. पर्वत!

हे मला कुणी शिकवलं नाही. एक दिवस 'पर्वत, २ घरं' आणि 'पक्षी, २ घरं' एकाच 'ग'वर येऊन भेटले आणि डोक्यात दिवा पेटला. आणि हो, दागिना नाहीतर एखादी वस्तू म्हणजेही नग, शिवाय विक्षिप्त माणसालाही आपण 'काय नग आहे' म्हणतोच. कोड्यात ओळखीचा शब्द दुसऱ्याच अर्थानं उभा राहतो तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद होतो. शेजारच्या काकांना अचानक नाटकात राजा झालेलं बघावं तसं.

(शेवटचं घर, या परिच्छेदात तुमच्यासाठी काहीतरी आहे. बास, एवढंच.)

शेवटचं घर

नग? तळे म्हणजे नग?? तीन घरं आहेत हो.

खोडरबर

'नग' नाही. परिच्छेदाचं शेवटचं टोक बघा. तुम्ही त्याला ओळखता, पण दुसऱ्याच धंद्यात.

शेवटचं घर

तळ्याला धंदा असतो?

पानपूरक

थेट कुणी सांगू नका रे. मजा येतेय.

जोड अक्षर

एक प्रामाणिक प्रश्न. अडल्यावर तुम्ही शब्दकोश उघडता का? मोबाईलवर शोधता का? आमच्याकडे यावरून रीतसर भांडण आहे. बहीण म्हणते शब्दकोश चालतो, मोबाईल चालत नाही. मी म्हणतो दोन्हींत फरक काय? ती म्हणते शब्दकोशात शोधताना वाटेत दहा नवे शब्द भेटतात, मोबाईलवर थेट उत्तर भेटतं. मला हे पटलंय पण तिला सांगितलेलं नाही.

अर्धविराम

माझा नियम: रात्री बारापर्यंत काहीही उघडायचं नाही. बारा वाजल्यानंतर कोडं कालचं झालं, मग सगळं माफ.

जिभेच्या टोकावर शब्द अडकतो ना, त्यावर १९६६ मध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी एक छान प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना फारसे वापरात नसलेल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवायच्या आणि शब्द विचारायचा. म्हणजे शब्दकोडंच की! ज्यांना शब्द 'अगदी आत्ता येतोय' असं वाटत होतं पण येत नव्हता, त्यांना तो शब्द उच्चाराच्या किती तुकड्यांचा आणि सुरुवात कुठल्या अक्षरानं, हे मात्र बऱ्यापैकी सांगता येत होतं. शब्दाचा सांगाडा आधी सापडतो, मांस मागून चढतं.

माझा अनुभव तंतोतंत हाच. 'तीन घरं, मध्ये काहीतरी जोडाक्षर, शेवटी काना' इतकं दिसत असतं. आणि त्या वेळी जो चुकीचा शब्द पुन्हा पुन्हा तोंडात येतो तो खऱ्या शब्दाच्या दारात आडवा पडलेला असतो. त्याला ढकलून आत जाता येत नाही. कोडं बाजूला ठेवून कपडे वाळत घालायला गेलं की तो उठून निघून जातो, आणि दोन चिमटे लावेपर्यंत शब्द हजर. ओले हात पुसत धावत यायचं.

निळी शाई

कपडे वाळत घालणे +१. माझे निम्मे शब्द दोरीवर सुटलेत.

पण शब्द आठवल्यावर धावत येऊन बघावं तर नवऱ्यानं जाता जाता तेवढाच शब्द भरून ठेवलेला असतो. बाकी चौतीस शब्दांना हात लावणार नाही, मी ज्याच्यासाठी सकाळपासून जीव टाकतेय तेवढा एक भरणार, तोही माझ्या पेनानं, आणि वर म्हणणार, 'सोपं होतं की.' कोर्टात टिकेल का हे कारण?

उभा सात

टिकेल. मी साक्षीला येतो.

तिरका डोळा

इंग्रजी क्रिप्टिक, म्हणजे चकव्याची कोडी, सोडवणारं कुणी नाही का? मला त्याचं वेड आहे. लंडनच्या डेली टेलिग्राफमध्ये १९२५ पासून कोडं येतं, टाइम्समध्ये १ फेब्रुवारी १९३० पासून. हळूहळू तिथे असं ठरत गेलं की संकेतात सरळ अर्थही असेल आणि शब्दाची मोडतोडही असेल. अर्थ संकेताच्या एका टोकाला, मधे उरलेला सगळा चकवा. वाक्य वाचताना भलतंच चित्र डोळ्यापुढे उभं राहिलं पाहिजे. साधं कोडं तुम्हाला माहिती आहे का विचारतं, हे कोडं तुम्ही वाचता कसं ते बघतं.

मराठीत करायचा प्रयत्न केला. इंग्रजीतली एक हुकमी युक्ती मात्र इथे चालत नाही: लिहायला वेगळे पण ऐकायला सारखे शब्द. आपण बोलतो तसं लिहितो, त्यामुळे ते दुकान जवळजवळ बंद. उलट आपल्याकडे एक भलतीच सोय आहे, लिहायला सारखे पण बोलायला वेगळे. 'च' आणि 'ज'चे दोन उच्चार. चार नमुने टाकतो, सोडवा:

१. सागर जमला तरी पोटात निकडच (३)
२. गरीब उलटा फिरला की वाहते (२)
३. वेल वर चढली की ठेका धरते (२, उभा)
४. थोडंसं म्हातारपण (२)

अर्धविराम

वा वा! पहिला सुटला. 'सागर जमला'च्या पोटात 'गर ज'. गरज!

आडवातिडवा

तिसरा: लता खालून वर वाचली की ताल. उभ्या शब्दात 'वर चढली' म्हणजे उलटं, हे आवडलं.

दुसरा: 'दिन' उलटा म्हणजे 'नदि'. बघा, पुन्हा ह्रस्व-दीर्घ! सांगत होतो ना, सगळे रचणारे एका माळेचे मणी.

तिरका डोळा

अहो, 'दिन' म्हणजे दिवस. गरीब तो 'दीन'. दी-न उलटा, न-दी. मात्रा जागच्या जागी आहे.

आडवातिडवा

...माझे शब्द मागे घेतो. अर्धे.

सहज आले

चौथा 'जरा'! एका उच्चारानं थोडंसं, दुसऱ्या उच्चारानं म्हातारपण. हा संकेत मी फ्रेम करून लावणार आहे. चौसष्ट पूर्ण झाली परवा.

पानपूरक

क्रिप्टिक म्हटलं की युद्धाची गोष्ट आलीच पाहिजे. १९४२च्या जानेवारीत टेलिग्राफनं एक स्पर्धा घेतली, बारा मिनिटांच्या आत कोडं सोडवायचं. त्यात उतरलेल्या काही जणांना पुढे सरकारी बोलावणं आलं. जर्मन गुप्तसंदेश फोडायचं जे काम ब्लेचली पार्कला चालू होतं, तिथे असं डोकं हवं होतं.

आणि १९४४ची तर याहून भारी. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या चढाईची तयारी गुपचूप चालू असताना टेलिग्राफच्या कोड्यांत मे महिन्यात एकेक उत्तर यायला लागलं: यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, मग जूनच्या सुरुवातीला नेपच्यून. सगळीच्या सगळी त्या मोहिमेतली सांकेतिक नावं! गुप्तहेर खात्याची माणसं थेट कोडं रचणाऱ्याच्या दारात. हा रचणारा म्हणजे लिओनार्ड डॉ नावाचे एक मुख्याध्यापक. त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. पुष्कळ वर्षांनी त्यांच्या एका माजी विद्यार्थ्यानं सांगितलं की सर रिकामी चौकट मुलांपुढे टाकून शब्द भरायला लावायचे, आणि ती नावं मुलांनी जवळच्या छावणीतल्या सैनिकांच्या तोंडून ऐकलेली होती.

रिकामटेकडा

बारा मिनिटं? मला तेवढा वेळ चष्मा शोधायलाच लागतो.

ते डोकं तल्लख राहतं वगैरे खरं आहे का हो? घरी सगळे तेच सांगून माझं समर्थन करतात.

बाराखडी

शब्दकोडी सोडवल्यानं शब्दकोडी सोडवता येतात, याची मी खात्री देते. गेल्या महिन्यात मी गॅसखालचं बटण बंद केलं का हे बघायला तीनदा परत आले, 'मेदिनी' मात्र एका झटक्यात आठवली. औषध म्हणून सोडवू नका. चटक लागली म्हणून सोडवा.

जोड अक्षर

मोबाईलवर कुणी मराठी कोडी सोडवतं का? मी एक अॅप घेतलं आणि तिसऱ्या दिवशी काढून टाकलं. घरात 'क्षि' लिहायचं होतं. आपल्या डोळ्यांना ते एक अक्षर. यंत्राच्या हिशेबात ते चार: क, हलन्त, ष आणि वेलांटी. 'स्त्री' तर सहा! ते अॅप एका घरात एकच घेत होतं, त्यामुळे मी 'क' लिहिला की टुणकन पुढच्या घरात. मग पुढच्या घरात सुटा 'ष' आणि त्याच्यापुढे एका ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली बिचारी वेलांटी. रचणाऱ्यानं बाराखडी कधी पाहिलेलीच नसावी.

वर ते रोजच्या सलग दिवसांचा हिशेब ठेवायचं. एक दिवस चुकला की शून्यावर. मला खेळात हजेरीपट नको आहे. कागद कधी विचारत नाही काल कुठे होतात म्हणून.

तिरका डोळा

यंत्रं सोडवायला मात्र तयार झालीत. मॅट गिन्सबर्ग यांच्या डॉक्टर फिल या प्रोग्रामनं २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या शब्दकोडे स्पर्धेत माणसांपेक्षा जास्त गुण मिळवले. मला त्याचं काही वाटत नाही. त्याला कपडे वाळत घालताना शब्द आठवल्याचा आनंद कुठून मिळणार.

शेवटचं घर

सगळे गप्पांत रंगलात आणि मी इथे अजून काआरमध्ये गटांगळ्या खातेय. दुसऱ्याच धंद्यात असलेलं तळं शोधून थकले. एक शेवटचा संकेत द्या. उत्तर नको.

बाराखडी

एकच सांगते. तळ्याकडे बघू नका. तुम्ही 'पक्का' म्हणालात तिकडे बघा. तुमचे 'नौका' आणि 'तुषार' खरंच पक्के आहेत, दुसऱ्या शब्दांनी तपासलेले. 'आयास'चे 'या' आणि 'स' पण. त्याच्या पहिल्या घराला मात्र उभ्या १४शिवाय कुणाचा आधार आहे?

सहज आले

आणि बांगड्यांची किणकिण ऐका.

शेवटचं घर

किणकिण?

थांबा.

खटाटोप, कष्ट. आयास... *सा*यास. सायास!! मग उभं: का, सा, र.

अहो कासार! कासार म्हणजे बांगड्या भरणारा एवढंच मला ठाऊक. आत्ता शब्दकोश उघडला (बारा वाजून गेलेत, अर्धविरामांच्या नियमात बसतं), तर तिथे दुसरा अर्थ स्वच्छ छापलाय: तळे, सरोवर. लहानपणापासून ओळखीचा माणूस, आणि त्याच्या मागे एवढं मोठं तळं होतं हे आज कळलं. आनंदानं एक किंकाळी फोडली. घरातले उठून आले. कुणाला काही सांगण्यात अर्थ नव्हता.

आता 'आ'चा 'सा' करतेय. निळी शाई, तुमची पद्धत वापरली. कागद फाटला.

निळी शाई

'आ'चा 'सा' अवघडच. अभिनंदन!

उभा सात

अभिनंदन! आणि संपादकांना लिहायला घेतलेलं पत्र?

शेवटचं घर

ते संध्याकाळीच पेटीत टाकून आले. दोन पानी आहे. 'आपल्या रचनाकारांना मराठीचे प्राथमिक ज्ञान असावे' असं एक वाक्य आहे त्यात. खाली नाव, पत्ता, सगळं.

खोडरबर

पेनानं लिहिलंत?